ऑडिओग्राम सामान्य, तक्रार मात्र कायम: अशा वेळी अहवालात काय लिहावे?

कानोसा यांचा प्रश्न

नमस्कार. ऑडिओलॉजिस्ट म्हणून काम सुरू करून मला दोन वर्षे होत आली. एक अडचण वारंवार समोर येते आणि तिचे समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेले नाही, म्हणून येथे सविस्तर लिहिते.

गेल्या महिन्यात चाळिशी ओलांडलेल्या एक शिक्षिका तपासणीसाठी आल्या. त्यांची तक्रार नेमकी होती: वर्गात एकेका मुलाचे बोलणे व्यवस्थित कळते, पण शिक्षकांच्या बैठकीत चार-पाच जण एकदम बोलू लागले की शब्द निसटतात, आणि मग इतर हसले की त्याही हसतात. कानात मळ नव्हता, पडदे स्वच्छ होते, टिम्पॅनोग्राम (कानाच्या पडद्याच्या हालचालीचा आलेख) दोन्ही बाजूंना ‘ए’ प्रकारचा, म्हणजे सामान्य, आला. २५० ते ८००० हर्ट्झपर्यंत प्रत्येक सप्तकावर, म्हणजे दुप्पट होत जाणाऱ्या वारंवारतेवर, घेतलेले थ्रेशोल्ड (स्वर जेमतेम ऐकू येतो ती पातळी; त्यांचा आलेख म्हणजेच ऑडिओग्राम) १० ते १५ डेसिबलच्या दरम्यान होते आणि शांत खोलीत ऐकवलेल्या २५ शब्दांपैकी २५ शब्द त्यांनी बरोबर सांगितले. मी शिरस्त्याप्रमाणे ‘दोन्ही कानांची श्रवणशक्ती सामान्य मर्यादेत’ असे लिहून कागद त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि विचारले, “म्हणजे मीच लक्ष देत नाही, असेच ना?” मला उत्तर सुचले नाही.

माझ्या शंका अशा आहेत. एक तर, अशा व्यक्तीला ‘सामान्य’ हा शब्द लिहून देणे योग्य आहे का? दुसरे, उंदरांवरील २००९ च्या प्रयोगापासून ‘छुपा श्रवणदोष’ (ऑडिओग्रामवर न दिसणारी श्रवणतंतूंच्या जोडण्यांची हानी) हा शब्द बराच चर्चेत आहे; त्या आधारे अहवालात तसे निदान लिहिता येईल का? आणि तिसरे, मला एका व्यक्तीमागे अर्धा तास मिळतो. त्यात आणखी एखादी चाचणी बसवायची असेल तर कोणती बसवावी? माझ्या वरिष्ठांचे मत असे आहे की ज्या चाचणीने पुढचा उपचार बदलत नाही, ती करण्यात अर्थ नाही, आणि ते मत मला पूर्णपणे खोडूनही काढता येत नाही.

जुना खांब यांचे उत्तर

आपण लिहिले त्यात चूक काही नाही. त्या तपासणीला जेवढे विचारले होते, तेवढ्याचेच उत्तर तिने दिले. शुद्धस्वर तपासणीचा प्रश्न एवढाच असतो की अगदी शांत जागी, एका वेळी एकच स्वर वाजवला, तर कानाला त्याची जेमतेम चाहूल कोणत्या पातळीला लागते. १० डेसिबल खाली आणि ५ डेसिबल वर या ज्या पायऱ्यांनी आपण सगळे दिवसभर आवाज कमीजास्त करत असतो, त्या पद्धतीचा पाया ह्यूसन आणि वेस्टलेक यांनी १९४४ मध्ये घातला आणि कारहार्ट व जर्गर यांनी १९५९ मध्ये तिला आजचे रूप दिले. श्रवणदोष आहे का, किती आहे, आणि हाडामार्गे घेतलेल्या थ्रेशोल्डशी तुलना करता तो मधल्या कानातला आहे की आतल्या, हे सांगण्यात ही पद्धत आजही अव्वल आहे. पण बैठकीत पाच जण एकदम बोलत असताना त्यांतील एकाचे बोलणे वेगळे काढणे, हे काम त्या संपूर्ण तपासणीत एकदाही करावे लागत नाही.

शांत खोलीतील शब्दचाचणीची गोष्ट आणखी वेगळी. ज्यांचे थ्रेशोल्ड चांगले आहेत अशा जवळपास सर्वांना तीत पैकीच्या पैकी गुण मिळतात, आणि ज्या परीक्षेत सगळेच पहिले येतात तिच्यातून कोण कुठे अडखळतो हे कळत नाही. कारहार्ट आणि टिलमन यांनी १९७० मध्येच सुचवले होते की दुसऱ्या आवाजांच्या स्पर्धेत बोलणे किती समजते, याचे मापन नेहमीच्या तपासणीचा भाग असावे. त्याला अर्धशतक उलटून गेले आणि आजही बहुतेक ठिकाणी ते ‘वेळ मिळाला तर’ या सदरात मोडते. ही आपल्या व्यवसायाची जुनी थकबाकी आहे, असे मी मानतो.

आता तिसऱ्या शंकेकडे येतो. गोंगाटातील वाक्यचाचणी अर्ध्या तासात सहज बसते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्विकसिन चाचणीची रचना पाहा. एका यादीत सहा वाक्ये, प्रत्येक वाक्यात पाच मुख्य शब्द. पहिले वाक्य मागच्या बडबडीपेक्षा २५ डेसिबलने वर असते आणि पुढे प्रत्येक वाक्याला हे अंतर ५ डेसिबलने घटत शेवटच्या वाक्याला शून्यावर येते. प्रत्येक पायरी ५ डेसिबलची आणि शब्दही पाच, म्हणून एक शब्द म्हणजे एक डेसिबल असा सरळ हिशेब बसतो. बरोबर आलेल्या शब्दांची बेरीज २५.५ मधून वजा केली की सामान्य श्रोत्याच्या तुलनेत या व्यक्तीला बोलणे गोंगाटापेक्षा किती डेसिबल अधिक ठळक असावे लागते, तो आकडा मिळतो. ३ पर्यंत सामान्य, ३ ते ७ सौम्य, ७ ते १५ मध्यम आणि त्यापुढे तीव्र, अशी तिची ढोबळ वर्गवारी आहे. एका यादीला जेमतेम मिनिटभर लागते. मात्र एकाच यादीवर निकाल देऊ नका. निदान दोन याद्यांची सरासरी घ्या, कारण एका यादीवरचा आकडा दोन-अडीच डेसिबलने सहज इकडेतिकडे होतो.

एक इशारा येथेच देऊन ठेवतो. वाक्ये त्या व्यक्तीच्या रोजच्या भाषेतली असली पाहिजेत. परभाषेतील वाक्य गोंगाटात ऐकताना चांगले कान असलेलाही मार खातो, कारण ऐकू न आलेला तुकडा अंदाजाने भरून काढण्यासाठी लागणारी भाषेची पुंजी त्याच्याकडे नसते. भाषांतर करून बनवलेल्या यादीला मूळ यादीची वर्गवारी लावणे हीदेखील तितकीच मोठी चूक आहे. तशी यादी वापरायची असेल तर चांगले ऐकू येणाऱ्या पंचवीस-तीस जणांवर ती आधी चालवून आपला निकष ठरवावा लागतो. कंटाळवाणे काम आहे, पण एकदाच करायचे आहे.

आणि हे सगळे करण्याआधी घरचे काम तपासा. आपण ‘प्रत्येक सप्तकावर’ असे लिहिले आहे, म्हणजे ३००० आणि ६००० हर्ट्झ वगळले गेले असणार. आवाजाच्या माऱ्याने पडणारा खळगा ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. ४००० वर सगळे ठीक दिसले म्हणून शेजारी खड्डा नाही, असे होत नाही. मोठा आवाज आला की मधल्या कानातील स्टेपिडियस स्नायू आपोआप आकसतो, ती प्रतिक्षिप्त क्रियाही पाहिलेली दिसत नाही. टिम्पॅनोमीटर कानाला लावलेलेच होते, मग आणखी दोन मिनिटे कोठे गेली असती?

संधिप्रकाश यांचे उत्तर

मी श्रवणतंतूंवरील संशोधनात काम करतो, त्यामुळे दुसऱ्या शंकेबद्दलच बोलतो. ‘छुपा श्रवणदोष’ हे निदान म्हणून अहवालात लिहू नका. कारण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आपण उल्लेख केलेला प्रयोग कुजावा आणि लिबरमन यांचा. त्यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलच्या आवाजात ठेवले. थ्रेशोल्ड चांगलेच बिघडले आणि दोन आठवड्यांत पूर्ववत झाले. केसपेशी, म्हणजे आतल्या कानातील ध्वनी टिपणाऱ्या पेशी, शाबूत राहिल्या. जुन्या समजुतीप्रमाणे प्रकरण तेथे मिटायला हवे होते. पण आतल्या केसपेशी आणि श्रवणतंतू यांच्यातील जोडण्या जेव्हा मोजल्या गेल्या, तेव्हा उच्च स्वरांच्या भागात त्यांतील जवळजवळ निम्म्या कायमच्या गेल्याचे आढळले. ऑडिओग्राम काढला असता तर तो स्वच्छ आला असता.

हे इतके आश्चर्यकारक वाटायला नको होते, असे मला आता मागे वळून पाहताना वाटते. शुक्नेख्ट आणि वोलनर यांनी १९५५ मध्येच मांजरांच्या श्रवणतंतूंचा मोठा हिस्सा छेदूनही थ्रेशोल्ड टिकून राहतात, हे दाखवले होते. २०१३ मध्ये चिंचिला या प्राण्यावर झालेल्या प्रयोगात आतल्या केसपेशींचा नाश सुमारे ८० टक्क्यांच्या पलीकडे जाईपर्यंत शांततेतील थ्रेशोल्ड फारसे हललेच नाहीत. चाहूल लागायला थोडे तंतू पुरतात. दारावर थाप पडली हे कळायला घरात एकच माणूस जागा असला तरी भागते. बाहेर दहा जण बोलत आहेत आणि त्यांतले कोण काय म्हणते आहे हे टिपायचे, तर बरेच जण जागे लागतात. त्यातही, ज्या तंतूंच्या जोडण्या आधी तुटतात असे आढळले, ते मुख्यतः मोठ्या आवाजालाच प्रतिसाद देणारे तंतू आहेत. गोंगाटात उपयोगी पडतात ते हेच, आणि थ्रेशोल्ड घेताना त्यांची पाळीच येत नाही.

येथवर चित्र छान जुळते. अडचण माणसांकडे वळल्यावर सुरू होते. जिवंत माणसाच्या कानातील या जोडण्या मोजण्याची कोणतीही पद्धत आज नाही; मृत्यूनंतर कानाच्या हाडाचे सूक्ष्म छेद घेऊनच त्या मोजता येतात. तशा अभ्यासांतून वयानुसार तंतू कमी होत जातात हे दिसले आहे, पण त्याचा जिवंतपणीच्या तक्रारीशी धागा जोडणे अवघड आहे. अप्रत्यक्ष खूण म्हणून ब्रेनस्टेम प्रतिसादातील (आवाज ऐकवल्यावर श्रवणतंतू आणि मेंदूच्या खोडातून उमटणाऱ्या विद्युत लहरींतील) पहिल्या लहरीची उंची पाहिली जाते. शॅट आणि मॅकअल्पाइन यांनी २०११ मध्ये ऑडिओग्राम सामान्य असूनही कानात आवाज येण्याची तक्रार असलेल्या व्यक्तींमध्ये ही पहिली लहर खुजी आणि पाचवी लहर मात्र नेहमीसारखी असल्याचे दाखवले. ‘छुपा श्रवणदोष’ हे नाव त्याच लेखापासून रुळले. परंतु त्या लहरीची उंची डोक्याचा आकार, स्त्री-पुरुष भेद, इलेक्ट्रोड कोठे लावला आहे, अशा कितीतरी गोष्टींनी बदलते. गटाच्या सरासरीत दिसणारा फरक एका व्यक्तीच्या निदानाला उपयोगी पडत नाही. २०१७ मध्ये शंभराहून अधिक तरुणांचा आयुष्यभराचा आवाजाशी आलेला संपर्क मोजून त्याची या लहरीशी तुलना केली गेली, तेव्हा अपेक्षित संबंध आढळलाच नाही. इतर काही गटांना तो आढळला आहे. प्रश्न उघडा आहे, आणि उघड्या प्रश्नाचे नाव अहवालात निदान म्हणून लिहिले की वाचणाऱ्याला तो मिटल्यासारखा वाटतो.

शिवाय हीच तक्रार इतर वाटांनीही येते. ८००० हर्ट्झच्या पलीकडील श्रवण घटलेले असू शकते. लक्ष टिकवणे किंवा ऐकलेले मनात धरून ठेवणे जड जात असू शकते. झोप, औषधे, नैराश्य यांचाही हात असतो. यांपैकी एक शक्यता मात्र सुटता कामा नये. १९९६ मध्ये स्टार आणि सहकाऱ्यांनी वर्णन केलेल्या श्रवणतंतूंच्या विकारात बाह्य केसपेशींचा प्रतिध्वनी, म्हणजे ओएई, व्यवस्थित मिळतो आणि ब्रेनस्टेम प्रतिसाद मात्र विस्कळीत असतो किंवा मिळतच नाही. अशा व्यक्तीचे थ्रेशोल्ड कधीकधी जवळजवळ सामान्यही असतात. स्टेपिडियस प्रतिक्षिप्त क्रिया तेथे बहुधा गायब असते. वर जुना खांब यांनी त्या दोन मिनिटांबद्दल टोकले आहे, ते यासाठीच महत्त्वाचे आहे.

उजवा कान यांचे उत्तर

मी या व्यवसायातला नाही. मी टेबलाच्या पलीकडल्या खुर्चीत बसणारा माणूस आहे, आणि आपल्या शिक्षिकाबाईंनी विचारलेला प्रश्न मी सहा वर्षांपूर्वी घरी येऊन स्वतःला विचारला होता.

पहिल्या ठिकाणी मला “कान ठणठणीत आहेत” असे सांगण्यात आले. त्यानंतर घरातल्यांचे बोलणे निसटले की “कान तर ठणठणीत आहेत ना?” असे मलाच ऐकवले जाऊ लागले. एखादा अहवाल घरात कसा वापरला जातो, याची कल्पना तो लिहिणाऱ्याला बहुधा नसते. दुसऱ्या ठिकाणी कोणतीही वेगळी चाचणी न करता दोन लहान श्रवणयंत्रे बसवून दिली. कानात नळी घालून यंत्राचा प्रत्यक्ष आवाज मोजतात, ही गोष्ट मला फार नंतर कळली; माझ्या बाबतीत ते झाले नव्हते. यंत्रांनी भांड्यांचा आवाज मोठा झाला, माणसांचा झाला नाही. ती कपाटात पडून आहेत.

तिसऱ्या ठिकाणी गोंगाटातील चाचणी झाली. वाक्ये एकामागून एक बुडत जातात आणि एका टप्प्यावर आपण नुसते आवाजाचे चढउतार ऐकत बसतो. तो क्षण मला आजही आठवतो, कारण कार्यालयातल्या जेवणाच्या टेबलावर रोज हेच होत होते आणि ते प्रथमच कोणीतरी समोर बसून पाहत होते. उपचार म्हणाल तर फारसे काही निघाले नाही. समोरच्याच्या कॉलरला लावायचा एक लहान मायक्रोफोन बैठकीसाठी मिळाला, आणि भिंतीकडे पाठ करून बसण्याची सवय लागली. पण तो आकडा बायकोने पाहिला, आणि त्या दिवसापासून ती स्वयंपाकघरातून पाठमोरी बोलत नाही.

कात्री यांचे उत्तर

वरिष्ठांच्या बाजूने कोणीतरी बोलले पाहिजे, म्हणून लिहितो.

प्रत्येक चाचणीला खर्च असतो, आणि वेळ हा त्यातला सर्वांत लहान खर्च आहे. ज्याला शोधायला जाऊ ते सापडतेच. थोडी तक्रार असलेल्या माणसाला आकडा दिला की तो आकडा घेऊन पुढच्या दुकानात जातो, आणि आकड्यावर उपाय विकणारे कमी नाहीत. उजवा कान यांच्या कपाटातील दोन यंत्रे हे त्याचेच उदाहरण आहे. सामान्य ऑडिओग्राम असलेल्यांना कमी क्षमतेची श्रवणयंत्रे देण्याचे प्रयोग झाले आहेत आणि त्यांतील काहींचे निष्कर्ष आशादायक आहेत, हे मान्य. पण ते लहान गटांवरचे आहेत. आपल्या क्षेत्रात नव्या वस्तूच्या अपेक्षेनेच माणसाला बरे वाटते, हे डॉस, हॉपकिन्स आणि मन्रो यांनी फार सुंदर रीतीने दाखवले आहे. त्यांनी लोकांना तेच यंत्र दोनदा दिले आणि एकदा ते ‘नवे’ असल्याचे सांगितले. ‘नवे’ यंत्र लोकांना अधिक आवडले, इतकेच नव्हे, तर त्याच्यासह गोंगाटातील चाचणीत त्यांना गुणही अधिक मिळाले.

तेव्हा माझी सूचना अशी की आधी प्रश्नावली घ्या. व्हेंट्री आणि वाइनस्टाइन यांच्या १९८२ च्या प्रश्नावलीची दहा प्रश्नांची छोटी आवृत्ती आहे, ती प्रतीक्षालयातच भरून घेता येते. श्रवणातील अडचणीमुळे माणूस भेटीगाठी टाळतो का, घरात कुरबुरी होतात का, हे त्यातून कळते. तीत अडचण दिसली तरच गोंगाटातील चाचणी करावी. सरसकट नको.

जुना खांब

प्रश्नावलीबद्दल दुमत नाही. मी तिचा उल्लेख करायला हवा होता. पण ‘उपचार बदलत नाही’ हे मला पटत नाही. यंत्र देणे म्हणजेच उपचार, असे धरले तरच ते खरे ठरते. उघड्या जागी बोलणाऱ्यापासूनचे अंतर निम्मे केले की त्याचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. बंद खोलीत प्रतिध्वनीमुळे इतका लाभ होत नाही, तरी बराच होतो. म्हणजे ज्याला ५-६ डेसिबलची तूट आहे त्याला खुर्ची पुढे ओढण्याचा सल्ला देणे म्हणजे नुसता धीर देणे नव्हे. ते मोजून दिलेले औषध आहे. ज्याची तूट १२ आहे त्याला खुर्ची पुरणार नाही, त्याच्यासाठी बोलणाऱ्याजवळचा मायक्रोफोन लागेल. आकड्याशिवाय यांतील कोणता सल्ला कोणाला द्यायचा, हे कात्री कसे ठरवतील?

दुकानांच्या धोक्याबद्दल मात्र ते बरोबर बोलत आहेत. म्हणून आकड्याखाली त्याचा अर्थही लिहावा लागतो.

कात्री

खुर्चीचा मुद्दा मान्य. ‘सरसकट नको’ यावर मी ठाम आहे.

कानोसा

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण त्या शिक्षिकांना पुन्हा बोलावून मगच लिहावे, असे ठरवले होते.

३००० आणि ६००० हर्ट्झ या वेळी घेतले. डाव्या कानाला ६००० वर २५ डेसिबल आले, बाकी पूर्वीसारखेच. इयरफोन काढून पुन्हा बसवला आणि परत घेतले, तरी २५. थ्रेशोल्डमध्ये ५ डेसिबलचा फरक आपण चालवून घेतो हे लक्षात ठेवूनही हा खळगा खरा असावा असे वाटते. विचारल्यावर कळले की त्या शाळेच्या बँडपथकाचा सराव अनेक वर्षे घेत असत, आणि ढोल नेहमी डाव्या हाताला असे. पहिल्या भेटीत हे मी विचारलेच नव्हते. प्रतिक्षिप्त क्रिया दोन्ही बाजूंना मिळाली, ओएई डावीकडे वरच्या टोकाला थोडे क्षीण.

वाक्यचाचणीसाठी आमच्याकडे त्याच धर्तीवर तयार केलेल्या आमच्या भाषेतील याद्या होत्या, पण निकष नव्हता. गेल्या दोन आठवड्यांत सहकारी आणि रुग्णांबरोबर आलेले नातेवाईक अशा, ऐकण्याची तक्रार नसलेल्या २८ जणांचे आधी थ्रेशोल्ड घेतले आणि मग त्यांच्यावर त्या याद्या चालवल्या. त्यांच्या सरासरीला शून्य धरून शिक्षिकांचे गुण मांडले. पहिल्या यादीत तीन वाक्यांतले पाचही शब्द बरोबर आले, चौथ्यात तीन, पाचव्यात एक, शेवटच्यात एकही नाही. चौथ्या वाक्यापर्यंत त्या माझ्याकडे पाहून बोलत होत्या. पाचव्याला त्यांनी डोळे मिटून घेतले. दोन याद्यांची सरासरी तूट ६ डेसिबल निघाली. २८ जणांत एकाचीही तूट ३ च्या पुढे गेली नव्हती.

अहवाल असा लिहिला आहे: ‘शांत वातावरणात शुद्ध स्वरांचे थ्रेशोल्ड सामान्य मर्यादेत, अपवाद डावा कान, ६००० हर्ट्झ, २५ डेसिबल. गोंगाटातील वाक्यचाचणीत सामान्य श्रोत्यांच्या तुलनेत सुमारे ६ डेसिबलची तूट. व्यक्तीने सांगितलेली अडचण या निष्कर्षाशी सुसंगत आहे. तिचे मूळ कारण या चाचण्यांवरून निश्चित करता येत नाही. श्रवणयंत्राची सध्या शिफारस नाही. बैठकीत बोलणाऱ्यांच्या जवळ व समोर बसावे, सरावाच्या वेळी कानांना संरक्षण वापरावे, आणि एक वर्षाने फेरतपासणी करावी.’

वरिष्ठांनी तो वाचला आणि ‘सुसंगत आहे’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली. ती संमतीची होती की शंकेची, हे अजून कळलेले नाही. एक विचारायचे राहिले: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाने सामान्य श्रवणाची मर्यादा २० डेसिबलच्या आत ठेवली आहे. ती सरासरीवर बेतलेली आहे, हे ठाऊक आहे. तरीही ६००० हर्ट्झवरच्या एका २५ साठी ‘अपवाद’ लिहिणे अतिरेकी तर नाही ना?

जुना खांब

नाही. ती सरासरी ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झची असते, ६००० तीत धरलेच जात नाही, त्यामुळे आपली दोन्ही वाक्ये एकमेकांना छेद देत नाहीत. त्याच अहवालातील वर्गवारीच्या तक्त्यात शांत जागी काय अनुभव येतो आणि गोंगाटात काय येतो, याचे दोन वेगळे स्तंभ आहेत, तेही वरिष्ठांना दाखवा.

आणखी दोन गोष्टी कागदावर घाला. कोणता इयरफोन वापरला आणि वाक्ये किती डेसिबलवर ऐकवली, याशिवाय वर्षाने तुलना करता येणार नाही. आणि वापरलेल्या दोन याद्यांचे क्रमांक लिहून ठेवा. नाहीतर पुढच्या वर्षी तीच वाक्ये वाजवाल आणि बाईंना ती पाठ असतील. शिक्षिका आहेत त्या.